माझ्या मापाचा मास्क

जयलक्ष्मीपुरम, म्हैसूर

प्रिय अनुराग,

पत्राची सुरुवात अशी करायची असते म्हणून केली. ह्या शब्दावर फार विसंबू नकोस.

शनिवारी तू लष्कर मोहल्ल्यात माझ्या मैत्रिणीच्या, गोदाच्या घरी जाऊन जे बोललास ते मला कळलं. गोदानं सांगितलं नाही, ती असल्या गोष्टी गिळून टाकते. तिच्या सासऱ्यांनी, गुंडेरावांनी सांगितलं, तेही मी खोदून विचारल्यावर. माझ्या घराला कुलूप दिसलं म्हणून तू तिथे गेलास, दारात चपलांसकट उभा राहिलास आणि पंच्याऐंशी वर्षांच्या माणसाला म्हणालास, "तुमच्या सुनेनं माझ्या आईला नादाला लावलंय. तिचं काही बरंवाईट झालं तर मी तुम्हाला सोडणार नाही." ते म्हणाले, "बा तम्मा, आत ये, पाणी पी, मग भांड की." तू आत गेला नाहीस. तरातरा निघून गेलास आणि गाडीतून माझ्या फोनवर निरोप ठेवलास, "आई, तू मला सांगितलंसुद्धा नाहीस."

त्या निरोपाला हे उत्तर आहे. फोन केला नाही, कारण फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस. 'आई, ऐक ना' म्हणतोस आणि मलाच ऐकवतोस. कागदावर तुला मधे बोलता येणार नाही.

मी सांगितलं नाही हे खोटं आहे. दिवाळीत तुझ्या घरी, तू आणि मृण्मयी समोर बसलेले असताना, मी स्वच्छ शब्दांत सांगितलं होतं की पोहायला शिकले तशी आता समुद्राखाली उतरायलाही शिकणार आहे. मृण्मयीनं विचारलं, "कुठे, आई?" तू हसलास. हसलास ते हसलास, शिवाय मित्राला फोन लावून, मी समोर असताना, "अरे, आमच्या मातोश्री आता पाणबुडी होणार," असं सांगितलंस. मी चकलीचा डबा बंद करून स्वयंपाकघरात गेले. तुझ्या लक्षातही आलं नाही.

मग काही दिवसांनी तुझं कुरिअर आलं. त्यात तो जांभळा मास्क. अख्खा चेहरा झाकणारा, कपाळावर शिंगासारखी नळी असलेला. सोबत चिठ्ठी, 'टबमध्ये प्रॅक्टिस कर, आई.' आपल्या घरी टब नाही, बादली आहे, हेही तू विसरलास. पण तो मास्क मी नीट बघितला, कारण वस्तू नीट बघायची मला सवय आहे. सांगली सोडून आपण इथे आलो तेव्हा तू पाचवीत होतास. तेव्हापासून निवृत्त होईपर्यंत तुझी आई रोज लोकांचे कान तपासत होती. आठवतं का? लहान पोरं, म्हातारे, कारखान्यात भोंग्याजवळ काम करून बहिरे झालेले लोक. कानाचा पडदा दाबाला कसा वागतो हे मला कोणी शिकवायला नको. पाण्यात जरा खाली गेलं की बाहेरून त्या पडद्यावर दाब येतो. नाक चिमटीत धरून हळूच फुंकलं की घशामागची वाट उघडते आणि आतला-बाहेरचा दाब सारखा होतो. तू पाठवलेल्या मास्कमध्ये नाक काचेच्या आत, कुलपात. चिमटीत धरणार कसं? वरवर तरंगत मासे बघायला तो ठीक असेल. तो घालून मी खाली उतरले असते तर माझे कान गेले असते. थट्टा करायलासुद्धा माहिती लागते, अनुराग. तुझ्याकडे तीही नव्हती.

मी हे का करते आहे, ते तू एकदाही विचारलं नाहीस. वय किती, खर्च किती, कोणाबरोबर, हे सगळं विचारलंस. का, ते नाही. आता न विचारता सांगते. बाबांची शेवटची वर्षं तुला आठवत नसतील, कारण तू नव्हतास. तू यायचास, दोन दिवस राहायचास, पाया पडून जायचास. त्यांच्या फुफ्फुसांनी काम सोडलं होतं. हॉलमध्ये ते ऑक्सिजनचं यंत्र घरघरत असायचं आणि वीज गेली की कोपऱ्यातला सिलिंडर. त्याची चावी फिरवणं, काटा बघणं, नळी धुणं, संपत आला की दुसरा मागवणं, हे सगळं मी करत होते. त्यांना माझी सावली दिसली नाही तरी धाप लागायची. मी न्हाणीघरात गेले की हाक, भाजी निवडायला बसले की हाक. मी त्यांच्यावर रागावले नाही. ज्याला श्वास पुरत नाही त्यानं हाक मारली तर त्याच्यावर काय रागवायचं. पण ते गेल्यावर माझ्या कानात ती हाक राहिली. ती विरायच्या आत तुझी सुरू झाली. 'आई, फोन का उचलला नाहीस? आई, कुठे होतीस? आई, गॅस बंद केलास ना?' मला एकदा, आयुष्यात एकदा, अशा जागी जायचं होतं जिथे मला कोणी हाक मारू शकणार नाही. अशी जागा पाण्याखालीच आहे. एवढंच कारण. ह्यात नाद नाही, वेड नाही आणि गोदाचा हात तर मुळीच नाही. ती बिचारी पाण्यात कमरेच्या वर उतरत नाही. ती तलावावर येते ती पाय सोडून बसायला आणि माझ्याशी बोलायला.

विद्यापीठाजवळच्या तलावावर मी पोहायला जात होते, तिथेच यशस्विनी भेटली. तिशीची असेल, कारवारकडची, पट्टीची पाणबुडी. म्हैसुरात नवशिक्यांना तलावात तयार करते आणि मग मुर्डेश्वरला समुद्रात नेते. मी विचारल्यावर ती हसली नाही. हे मुद्दाम लिहिते. तिनं फक्त विचारलं, "आंटी, चष्मा किती नंबरचा?" मला वाटलं टाळते आहे. तसं नव्हतं. पाण्याखाली हवेचा काटा वाचता आला पाहिजे, तो मला चष्म्याशिवाय दिसणार नाही, हे तिच्या आधी माझ्या लक्षात यायला हवं होतं.

तिनं पहिल्याच दिवशी बजावलं की सगळं सामान विकत घ्यायच्या फंदात पडू नका. हवेचं जाकीट, रेग्युलेटर म्हणजे श्वास घ्यायचं यंत्र, सिलिंडर, रबरी सूट, हे भाड्यानं मिळतं. ते वापरून बघा, काय आवडतं, काय टोचतं ते कळू द्या, मग पुढचं पुढे. ती म्हणाली, "चेहरा आणि पाय मात्र तुमचे. ते दुसऱ्याच्या मापात बसत नाहीत. म्हणून मास्क आणि पायात घालायचे वल्ह्यासारखे फिन्स आपले घ्यायचे." सोबत साधी स्नॉर्केल, वरवर तरंगताना श्वास घ्यायची नळी, तीही झडपा-बिडपा नसलेली. एवढंच. मला हे आवडलं. अनेक वर्षांत कोणीतरी मला 'हे तुमचं' म्हणत होतं.

तलावात तिनं मला पहिल्यांदा रेग्युलेटर तोंडात धरून खाली बसायला सांगितलं. छातीभर पाणी होतं, बुडायची सोय नव्हती. मी डोकं पाण्याखाली घेतलं, श्वास घेतला, आणि तो आवाज आला. आत येताना सुस्कारा, बाहेर जाताना घरघर. अनुराग, तो आवाज आपल्या हॉलमधला होता. मी ताडकन उभी राहिले, तोंडातलं काढून फेकलं आणि पायरीवर बसून सगळ्यांसमोर रडले. गोदा काठावरून ओरडायला लागली, "बेडा ग विभा, नको हे, चल घरी!" यशस्विनी शेजारी येऊन बसली. पाठीवर हात नाही, समजावणं नाही. मग तिनं विचारलं, "सिलिंडर आधी कधी हाताळलाय का?" मी सांगितलं, कोणाचा ते. ती म्हणाली, "मग हा तुम्हीच उघडा." आणि तिनं तो माझ्याकडे सरकवला. मी चावी फिरवली. काटा बघितला. तोंडाला लावून दोन श्वास घेऊन खात्री केली. माझे हात आपोआप चालत होते. मग मी पुन्हा पाण्याखाली गेले आणि ह्या वेळी राहिले. बाबांना हवा पुरत नव्हती आणि मला भरपूर मिळत होती, ह्याची आधी लाज वाटली. मग लाज वाटल्याचा राग आला. पण राहिले.

'सिलिंडर' शब्द ऐकल्यावर तू फोनवर दचकून म्हणालास, "आई, ते प्रेशरचं काम असतं, तुला नाही झेपणार." तेव्हा विचारायचं राहिलं. आता विचारते, आपल्या घरात तो कोणाला झेपत होता?

मास्क आणि फिन्स घ्यायला मी बंगळूरला आले होते. हो, तुझ्या गावात. तुझ्या घरापासून रिक्षानं जावं एवढ्या अंतरावर ते दुकान आहे. गोदा बरोबर होती. स्टेशनवर उतरल्यावर म्हणाली, "एवढं आलोय तर मगाकडे, लेकाकडे जाऊन येऊ की, मुलाला बरं वाटेल." मी म्हटलं, मुलाला बरं वाटत नाही, मुलाला खरं ठरायचं असतं. आम्ही तुझ्याकडे आलो नाही. दुकानाजवळ इडली खाऊन संध्याकाळच्या गाडीनं परत गेलो. हे तुला आज कळतंय. लागलं तर लागू दे.

दुकानदार मला बघून म्हणाला, "नातवासाठी का, अम्मा?" मी म्हटलं, माझ्यासाठी. त्याचा चेहरा तुझ्यासारखाच झाला. मग मात्र त्यानं ओळखलं की बाईकडे पैसे आहेत आणि माहिती नाही. त्यानं जाकीट काढलं, रेग्युलेटर काढला, मनगटावर बांधायचं खोली मोजणारं घड्याळ काढलं. "सगळा सेट एकदम घ्या, तुमच्या वयाला सोपं पडेल." गोदा फटकन म्हणाली, "वय हिचं आहे, त्यात तुमचा सेट याके, कशाला? सुम्ने, नुसता मास्क दाखवा." त्यानं सगळ्यात महाग मास्क पुढे ठेवला, इटलीचा, कडेला सोनेरी रेघ. मी पट्टा मागे टाकला, केस सारले, मास्क नुसता चेहऱ्यावर टेकवला, नाकानं श्वास आत ओढला आणि हात सोडले. माप बरोबर असेल तर मास्क पट्ट्याशिवाय चिकटून राहतो. इटलीचा मास्क गोदाच्या ओंजळीत पडला. माझ्या गालांवरच्या, नाकापासून ओठांपर्यंतच्या रेघा आता खोल झाल्या आहेत, तिथून हवा शिरत होती. दुकानदार म्हणाला, "पट्टा आवळला की बसेल." न बसणारी गोष्ट पट्टा आवळून बसवायची, हे मी पुष्कळ केलंय. मी दुसरा मागितला. तो कपाळाला टोचला. आणखी एक नाकावर दाबत होता. असे किती लावले ते मोजले नाहीत, पण दुकानदार चहा पिऊन आला. शेवटी एक लहान, साधा काळा मास्क, मऊ सिलिकॉनचा. श्वास ओढला, हात सोडले, मान खाली घातली. पडला नाही. बोटांनी नाक चिमटीत धरलं, बरोबर सापडलं. आरशात मी घुबडासारखी दिसत होते. तोच घेतला आणि त्याला माझ्या नंबरच्या काचा बसवायला दिल्या, खालच्या बाजूला वाचायचा नंबर.

फिन्सही त्यानं लांबलचक दाखवले. तसले मी तलावात यशस्विनीचे घालून बघितले होते आणि पोटरीत असा गोळा आला होता की काठ धरून उभी राहिले होते. ताठ पात्याला मांडीत जोर लागतो, तो माझ्यात नाही. हे मान्य करायला मला लाज वाटत नाही. मी आखूड, लवचीक घेतले, मागे पट्टा असलेले, आत रबरी बूट घालून मग चढवायचे, म्हणजे होडीच्या शिडीवर आणि खडकावर पाय सोलवटत नाहीत. बूट घालूनच माप बघितलं. जिथे मला जमत नाही तिथे मी ऐकते, अनुराग. मला काय जमत नाही हे मला तुझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे.

आता मुख्य गोष्ट. समुद्रात न्यायच्या आधी माझ्या वयाच्या माणसाला डॉक्टरांची संमती लागते. हे मीच तुला फोनवर सांगितलं होतं, सरळपणानं, कारण तुला लपवाछपवी वाटू नये. नंतर मी डॉक्टर हयग्रीवांकडे गेले. ते बाबांचे डॉक्टर, आपल्या घरी येऊन चटईवर बसलेले. मला वाटलं, रक्तदाब बघतील, छाती ऐकतील, सही करतील. त्यांनी पेन हातातच घेतलं नाही. "नको अम्मा, कशाला, नातवंडं खेळवायची आता," असं काहीतरी बोलत राहिले. मी म्हटलं, डॉक्टर, कारण सांगा. ते माझी नजर टाळून म्हणाले, "तुम्हाला चक्कर येते ना. स्वयंपाकघरात पडला होतात, शुद्ध नव्हती. अनुरागनं सांगितलंय. तुम्ही लपवाल असंही म्हणाला."

मी कधी पडले, अनुराग? कुठल्या स्वयंपाकघरात?

मी तिथे खुर्चीवर तशीच बसून होते. मी 'नाही' म्हटलं तर ते लपवणंच ठरणार होतं. तू तशी तजवीज करूनच ठेवली होतीस. जन्मभर ज्या बाईनं दुसऱ्यांच्या तपासण्या केल्या, तिच्या शब्दाची किंमत तू एका फोनमध्ये शून्य केलीस. मी घरी आले आणि अख्खा दिवस भिंतीला धरून चालले. तू म्हणालास म्हणून खरंच चक्कर येते की काय, असं वाटायला लागलं. हे तू माझ्याशी केलंस. हृदयाच्या डॉक्टरांकडे जाऊन मी चालत्या पट्ट्यावर धावले, छातीला तारा लावून, कानाची, फुफ्फुसांची, साखरेची, सगळी तपासणी करून घेतली. सगळं नीट निघालं. ते कागद घेऊन परत हयग्रीवांकडे गेले तेव्हा त्यांनी सही केली, पण मान हलवत केली. आजही रस्त्यात भेटले की मी पडते आहे का बघतात.

मी बुडेन ह्या भीतीनं तू हे केलंस, असं तू सगळ्यांना सांगत असशील. खरी गोष्ट मला मृण्मयीकडून कळली. त्याच सुमाराला तिचा फोन आला. आवाज बारीक झाला होता. म्हणाली, "आई, मला फार भीती वाटतेय. माझी आई असती तर तिला म्हटलं असतं. बाळंतपणाला तुम्ही माझ्याजवळ याल का?" मी लगेच हो म्हटलं. एवढंच होतं ना रे? गेले कित्येक महिने तू 'तू एकटी असतेस, तुला काही झालं तर, म्हैसूरचं घर भाड्यानं देऊन टाकू, आमच्याकडेच राहा' असं लावून धरलं होतंस. मी म्हातारी झाले, माझ्यानं होत नाही, मला सांभाळायला हवं. मला सांभाळायला नको होतं. तुम्हाला मी हवी होते. 'आई, आम्हाला गरज आहे, ये' हे म्हणायला तुला कमीपणा वाटला, म्हणून तू मला आजारी केलंस. मी येणार आहे, मृण्मयीसाठी, तिला गरज असेल तितके महिने. मग मी माझ्या घरी परत जाईन. घर भाड्यानं देणार नाही, आणि पुन्हा विचारू नकोस.

समुद्राचं थोडं सांगते, कारण तू शनिवारी गुंडेरावांच्या दारात ओरडत होतास तेव्हा मी समुद्रात होते. मुर्डेश्वरहून होडीनं नेत्राणी बेटापर्यंत नेतात. गोदा होडीत बसायला बरोबर आली. रबरी सूटची मागची चेन मला पोचेना, ती तिनं पाठीत गुडघा देऊन ओढली आणि म्हणाली, "अय्यो, पानात गुंडाळलेला कडुबू दिसतेस." मग तिला भीती वाटायला लागली आणि ती माझा हात सोडेना. मी मागच्या मागे पाण्यात पडले. दोर धरून, नाक चिमटीत धरून, थोडं थोडं खाली. कान हलकेच उघडत गेले. खाली निळं होतं आणि खडकावर पिवळ्या माशांचा थवा माझ्याकडे न बघता चरत होता. मला वाटलं होतं, आता सगळं शांत होईल. झालं नाही. तुझा राग माझ्याबरोबर खाली आला. हयग्रीवांची ती खुर्ची, 'लपवाल असंही म्हणाला', तेच तेच. यशस्विनीनं माझा काटा धरून मला दाखवला. हवा भराभर संपत होती. रागावलेला माणूस धापा टाकतो आणि सिलिंडरला त्याचं कारण कळत नाही. तिनं हाताचा तळवा खाली केला, सावकाश. मी काटा वाचला, माझ्याच काचांतून, अगदी स्पष्ट. मग ठरवून लांब श्वास घ्यायला लागले. तुला माफ केलं म्हणून नाही. मला आणखी थोडा वेळ खाली राहायचं होतं म्हणून.

वर आले तेव्हा गोदा रडत होती आणि एकीकडे कोणाला तरी फोनवर शिव्या देत होती. तो तूच होतास की काय, मी विचारलं नाही.

आता हे पत्र कशासाठी, ते सांगते. उद्या कोणाच्या बोलण्यातून तुला कळेल, त्यापेक्षा माझ्याकडून कळावं. होडीत चढायच्या आधी धक्क्यावर यशस्विनीनं प्रत्येकाला विचारलं, काही झालं तर कोणाला फोन करायचा. दवाखान्यात न्यावं लागलं आणि आपल्याला बोलता येत नसेल, तर आपल्याबद्दल खरं सांगणारं माणूस हवं, औषधं कोणती, आजार कोणते, असं ती म्हणाली. माझ्या तोंडून तुझा नंबर निघायला लागला. अर्धा सांगून झाला, आणि मी थांबले. मी बोलू शकत असताना जो माझ्याबद्दल डॉक्टरांना खोटं सांगतो, तो मी बोलू शकत नसताना काय सांगेल, हे मला माहीत नव्हतं. मी म्हटलं, हा नको, दुसरा घे. पावसाळ्यानंतर मी पुन्हा जाणार आहे आणि यशस्विनी पुन्हा विचारेल. तोवर हयग्रीवांना स्वतः फोन करून, आई पडली नव्हती, मी खोटं बोललो, एवढं तू त्यांना सांगितलं असशील तर मी वेगळं उत्तर देईन. नसशील तर नाही. ह्या वेळी मी गोदाचं नाव दिलं. तुझा नंबर मला तोंडपाठ आहे, जगात तेवढा एकच आहे. गोदाचा नंबर सांगायला मला धक्क्यावर उभं राहून फोन उघडावा लागला, चष्मा शोधावा लागला. शोधला, आणि सांगितला.

रागावलेली, आणि तुझीच,
आई